प्रारब्ध की क्रियमाण?

मुक्तिनाथाच्या वाटेवर विमान पडल्याची वार्ता आली की भाविक मंडळींकडून दोन उत्तरे ठरलेली येतात. एक, ‘प्रारब्ध! घटका भरली, दुसरे काय?’ आणि दुसरे, ‘तीर्थाच्या वाटेवर देह पडला, सोने झाले.’ दोन्ही उत्तरे शास्त्राच्या भाषेत बोलतात, म्हणूनच ती जरा घासून पाहिली पाहिजेत.

नेपाळात पोखराहून जोमसोमला लहान विमाने जातात. तेथून पुढे मुक्तिनाथ. आणि खाली गंडकी, जिच्या पात्रात शाळिग्राम सापडतात. एका अंगाला धवलगिरी, दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा, दोन्ही ८,००० मीटरांच्या वर, आणि मधल्या खोऱ्यातून हे विमान न्यायचे. वाट अवघी वीसेक मिनिटांची. दिवस वर आला की खोऱ्यात भन्नाट वारा सुटतो, म्हणून सकाळीच उरकावे लागते. नियम असा की वैमानिकाने डोंगर डोळ्यांनी पाहत जायचे, ढगात शिरायचे नाही.

२९ मे २०२२ रोजी सकाळी ९ वाजून ५५ मिनिटांनी तारा एअरचे ट्विन ऑटर विमान २२ माणसे घेऊन उठले. त्यांत चौघे आपल्या ठाण्याचे होते. थोड्याच वेळात संपर्क तुटला. दुसऱ्या दिवशी मुस्तांग जिल्ह्यात सुमारे १४,५०० फुटांवर अवशेष सापडले. कोणी वाचले नव्हते. पुढे चौकशीत निघाले ते असे : विमान ढगात सापडले, वाट सुटली, आणि डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र त्या वेळी गप्प केलेले होते.

गप्प कशासाठी करतात? अहो, अशा अरुंद खोऱ्यात दोहोंकडे डोंगरच. नीट वाटेने जातानाही ते यंत्र ओरडत राहते, आणि रोज फुकट ओरडणाऱ्याला कान विटतात. याच मार्गावर २४ फेब्रुवारी २०१६ रोजी त्याच कंपनीचे विमान ढगात शिरून आदळले, २३ माणसे गेली. तेथे यंत्र ओरडले होते. नेहमीचेच म्हणून सोडून दिले गेले.

आता सांगा, यात प्रारब्ध कोठे शोधायचे? ज्या कर्माचे फळ सुरू झाले ते प्रारब्ध, आणि हात या घटकेला जे करतो आहे ते क्रियमाण. यंत्र गप्प करणे हे क्रियमाण आहे. ब्रह्मसूत्रांत प्रश्न काढला आहे की जगात इतकी विषमता, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही काय? आचार्य पावसाचा दृष्टान्त देतात. पाऊस सर्वांना सारखा, पीक ज्याच्या त्याच्या बीजाचे. पण हे उत्तर देवावरचा दोष काढण्यासाठी आहे, माणसाची जबाबदारी उतरविण्यासाठी नाही. बावीस जणांचे प्रारब्ध एकाच क्षणी पिकले असे म्हणणारा बावीस जणांची खातेवही वाचल्याचा आव आणतो. आपल्या दुःखापुरते ज्याने त्याने प्रारब्ध म्हणावे, त्याने धीर येतो. दुसऱ्याच्या दारात जाऊन ते म्हणू नये.

‘सोने झाले’ हेही तसेच. त्या विमानात सोळा नेपाळी होते, दोन जर्मन होते. कोण देवाला निघाले, कोण घरी, कोण पोटामागे. त्यावरून मरणाचा भाव ठरवायचा काय?

माउलींच्या सोहळ्यातील समाजआरती आठवा. चोपदाराने दंड उंच केला की हजारो टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. तिला कोणी दटावत नाही. चोपदार तेथे जातो, ऐकून घेतो, मग आरती. वाजणारा टाळ ऐकण्याची ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

वैमानिकाला दूषण देणे सोपे, तोही गेलाच. परंतु ‘आजच पोहोचवा, परतीचे तिकीट उद्याचे आहे’ म्हणून विमानतळावर हटून बसणारा यात्रेकरू आम्ही ओळखतो. मुक्तिनाथाला निघणाऱ्यांनी दोन दिवस जादा हाताशी ठेवावेत, आणि ‘आज ढग आहे’ असे सांगितले तर वाद घालू नये. जोमसोमपर्यंत आता मोटारीची वाटही आहे. हाडे खिळखिळी करते, वेळ खाते, पण मध्येच उतरून चहा घेता येतो.