वनांतरीची सोबत : एक श्वान-दृष्टांत



पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळे महाराष्ट्रास ठाऊक आहे. इ. स. १६७० मध्ये कोंढाण्यावर पडलेल्या या वीराचा देह सोबत्यांनी रानवाटेने घाट उतरून आपल्या गावी आणला व त्या वाटेस मढे घाट हे नाव पडले, असे परंपरा सांगते. ज्यांस त्या रानाची ओळख आहे, त्यांस आषाढातील धुके आणि झाडीतील काळोख वर्णन करून सांगण्याचे प्रयोजन नाही. तशा रानात अजाण लेकरू एकटे राहिले, ही कल्पनाही तेथील मातेस सोसवणार नाही. आज जिचे निरूपण करावयाचे आहे ती घटना मात्र फार दूर, रशियातील याकुतिया प्रांतात घडली. तेथील अरण्यापुढे आपली सह्याद्रीची झाडी अंगणातील बाग वाटावी.

२०१४ च्या जुलैअखेरीस तेथील एका लहानशा खेड्यातून जेमतेम चार वर्षांची एक मुलगी घराबाहेर पडली. समवेत घरचे कुत्रीचे पिल्लू होते, नायदा नावाचे. मातेस वाटले, लेक पित्यासोबत गेली आहे. पित्याशी बोलणे होण्याची सोय नव्हती; त्यामुळे ती हरवली आहे हे कळण्यासच चार दिवस लागले. त्या वनात अस्वले आहेत, लांडगे आहेत; उन्हाळा असूनही रात्री गारठ्याच्या असतात. मुलीने रानफळे खाल्ली, ओढ्यानदीचे पाणी प्याली आणि रात्री त्या पिलास बिलगून निजली. ऊब एवढीच होती.

नवव्या दिवसाच्या सुमारास नायदा एकटीच घरी परतली. शोध करणाऱ्यांचे काळीज तेथेच खचले. जिच्या अंगाच्या उबेवर पोर तगली असेल ती निघून आली, आता काय उरले, असे सर्वांस वाटले. परंतु तिच्याच मागाने शोधाला दिशा मिळाली. नदीकाठी लहान पावलांचे ठसे दिसले, शेजारी कुत्रीच्या पंजांचे. अकरा दिवसांनंतर उंच गवतात ती मुलगी जिवंत सापडली. नायदा या नावाचे मूळ त्यांच्या भाषेत सापडणे या अर्थाच्या धातूत आहे, हे येथे सहज नमूद करतो. पुढे याकुत्स्कच्या विमानतळावर मुलगी आणि श्वान यांचे शिल्पही उभे राहिले.

आता दार्ष्टांतिक. ही वार्ता ऐकून कोणी म्हणेल, देवच श्वानरूपाने आला. महाप्रस्थानात युधिष्ठिराच्या मागे चाललेला श्वान शेवटी धर्म ठरला, ही कथा सर्वांच्या मनात आहे. चित्रांतून दत्तात्रेयांभोवती चार श्वान दाखवून त्यांस वेद म्हणण्याचा प्रघातही आहे. आपण श्रीदत्तात्रेयप्रभूंस एकमुखी मानतो व त्या चित्राशी आपला संबंध नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ ज्याने ओळखले, त्याने नायदाला जीवच म्हणावे. जीव म्हटल्याने तिचे मोल उणे होत नाही, उलट वाढते. श्रीचक्रधर स्वामींची सशाची लीळा आठवावी. तेथेही श्वान आहेत, परंतु ते शिकाऱ्यांनी सोडलेले, सशाच्या जिवावर उठलेले. आणि ससा स्वामींच्या मांडीखाली शिरून अभय पावला. जात तीच, एके ठिकाणी ती मारावयास धावते व दुसऱ्या ठिकाणी निजलेल्या पोरीस ऊब देते. श्वानास शास्त्र ठाऊक नाही. आपणांस आहे, म्हणून आपला हिशेब अधिक कडक होईल.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. परमेश्वराने त्या मुलीसाठी श्वान धाडला असे म्हणावे, तर २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे डोंगर कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, तेथे काय म्हणावे? त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी माणसे नेली. ज्या घरातील लेकरू गेले त्या घरी जाऊन श्वानाची कथा सांगणे हे निर्दयपण होय. देहाचे भोग कर्माधीन आहेत आणि परमेश्वराची कृपा जीवोद्धरणासाठी आहे, हे आपले शास्त्र त्या घरी उच्चारावयाचेही नसते. तेथे नुसते बसावे, रात्र असेल तर रात्रभर बसावे. नायदाने आठ-नऊ रात्री याहून वेगळे काय केले?

परंतु ती शेवटी निघून गेली, आणि साधकाने विचार करावा तो याच ठिकाणी. भेट झाल्यावर मुलीने, मला सोडून का गेलीस, म्हणून तिला रागे भरले, असे वृत्त त्या वेळी आले होते. तिचे रागावणे खोटे नव्हते. गवतात पडलेल्या पोरीस एवढेच कळत होते की ऊब गेली. त्या जाण्याने शोधास वाट मिळाली हे तिला कोठून कळावे? असन्निधानात साधकाची स्थिती अशीच होते. स्मरणास बसावे तर मन रिते, आचार चालतो पण गोडी नाही, आणि जीव म्हणतो, मला टाकिले. अशा वेळी आचार सोडून भलत्या दिशेस धावणारा अधिकच हरवतो. ती मुलगी जेथे पडली होती तेथून फार दूर गेली असती, तर ठसे दिसूनही उपयोग झाला नसता.

स्वामी उत्तरापंथे गेल्यावर नागदेवाचार्यांसह मंडळी रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस राहिली. स्वामींविषयी पाहिलेले, ऐकलेले एवढेच उरले. तेव्हा म्हाइंभट उठले. ज्याने स्वामींस पाहिले होते, त्याच्या त्याच्या दारी जाऊन ते विचारीत राहिले की स्वामी कोठे बसले, कोणास काय बोलले, कोणत्या वाटेने गेले. आणि मिळालेला एकेक माग त्यांनी लीळाचरित्रात जपून ठेविला.