व्याधीचे ऋण?

आमच्या गायकवृंदात अनेक वर्षे व्हायोलिन वाजविणारे एक वयोवृद्ध गृहस्थ ऐकू येईनासे झाल्यामुळे आता घरीच असतात. त्यांना धीर द्यावा म्हणून मी बीथोव्हेनचे उदाहरण दिले. कागदावर लिहिलेले ते वाचून ते शांतपणे म्हणाले, ''फादर, बीथोव्हेनला विचारले असते, तर त्याने कानच मागितले असते.''

त्या उत्तराने मला विचारात पाडले. दुःखामुळे थोर कला जन्मते, असे आपण सहज म्हणतो. ते कितपत खरे आहे?

लुडविग व्हान बीथोव्हेन (१७७०–१८२७) ह्याला तिशीपूर्वीच बहिरेपणाने ग्रासले. ऑक्टोबर १८०२मध्ये व्हिएन्नाजवळील हायलिगेनश्टाट येथे भावांना उद्देशून लिहिलेल्या, पण कधीच न धाडलेल्या पत्रात जीवन संपविण्याचा विचार मनात आल्याचे त्याने कबूल केले. कलेनेच आपल्याला आवरले, असेही त्याने लिहिले. म्हणजे त्याच्या लेखी व्याधी ही कलेची जननी नव्हती. व्याधीशी झुंजताना कला हाच त्याचा आधार होता.

१८२५च्या वसंतात पोटाच्या गंभीर विकाराने तो अंथरुणाला खिळला. त्यातून उठल्यावर दोन व्हायोलिन, व्हिओला व चेलो ह्यांसाठी चाललेल्या रचनेत (ओपस १३२) त्याने बऱ्या झालेल्या रुग्णाचे ईश्वराप्रती आभारगीत घातले. त्यासाठी चर्चच्या प्राचीन गायनातील लिडियन स्वरावली निवडली. हे संथ गीत तीनदा येते आणि त्याच्यामध्ये दोनदा, अंगी नवे बळ संचारल्याचे सांगणारा उत्साही भाग येतो. आजार नसता तर हे गीत ह्या रूपात लिहिले गेले नसते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु आभार कशाचे? आजाराचे नव्हेत, आरोग्याचे!

शिवाय आजाराने विषय दिला. विद्या दिली ती हेडनसारख्या गुरूंनी आणि अखंड परिश्रमांनी. २०२३मध्ये त्याच्या केसांच्या जनुकीय तपासणीत यकृतविकाराची आनुवंशिक प्रवणता व हिपॅटायटिस-बीचा संसर्ग आढळला. बहिरेपणाचे कारण मात्र सापडले नाही. शरीराचा इतिहास असा थोडाफार वाचता येतो. पण त्यातून एखादी सुरावट का जन्मली, हे उलगडत नाही.

मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय ७) येशूकडे एका बहिऱ्या माणसाला आणले जाते. येशू त्याला बहिरेपणाचे लाभ सांगत नाही. त्याला बाजूला नेतो, उसासा टाकतो आणि त्याचे कान मोकळे करतो.

कान मोकळे करण्याचे सामर्थ्य माझ्यात नाही. उसासा मात्र टाकता येतो. आता त्या गृहस्थांकडे जातो, तेव्हा मी उदाहरणे देत नाही, त्यांच्याजवळ बसतो.