लहान खुर्ची, लहान जबाबदारी?

"वरून हुकूम आला, आम्ही पाळला. आम्ही काय, लहान माणसे!" हे बोल आपण कचेरीत ऐकतो, घरातही ऐकतो. पण पद लहान म्हणून जबाबदारीही लहान होते काय? ब्रिटनमधील एका प्रकरणावरून याचा विचार करू.

ब्रिटनच्या संरक्षण खात्याचा मुख्य मंत्री कॅबिनेटमध्ये बसतो. त्याच्या हाताखाली राज्यमंत्री असतात. शस्त्रखरेदीसारखी कामे ते पाहतात. सामान्य माणसाला त्यांची नावेही ठाऊक नसतात.

इराण-इराक युद्धाच्या काळात, १९८५ साली, सरकारने पार्लमेंटला सांगितले की, युद्ध लांबवण्याचे बळ वाढवील अशी सामग्री आम्ही दोघांपैकी कोणालाही विकू देणार नाही. मार्च १९८८ मध्ये इराकी फौजेने हलबजा येथे विषारी वायूने हजारो कुर्द माणसे मारली. ऑगस्टमध्ये युद्ध थांबले. डिसेंबरमध्ये तीन राज्यमंत्र्यांनी तो नियम आपसात सैल केला. संरक्षण खात्याचे लॉर्ड ट्रेफगार्न, परराष्ट्र खात्याचे वाल्डेग्रेव्ह आणि व्यापार खात्याचे अॅलन क्लार्क हे ते तिघे. लोकप्रतिनिधींना मात्र धोरण बदललेले नाही, असेच कळवले गेले.

पुढे १९९२ साली मॅट्रिक्स चर्चिल कंपनीचे तीन अधिकारी आरोपी म्हणून कोर्टात उभे राहिले. इराकला विकलेल्या यंत्रांचा खरा उपयोग त्यांनी सरकारपासून लपवला, असा आरोप होता. सरकारला तो उपयोग ठाऊक होता, हे दाखवणारे कागद कोर्टापुढे येऊ नयेत म्हणून मंत्र्यांनी सह्या केल्या! न्यायाधीशांनी कागद उघड करायला लावले. क्लार्क यांना उलटतपासणीत खरे कबूल करावे लागले आणि खटला कोसळला. न्यायमूर्ती स्कॉट यांच्या १९९६ च्या अहवालाने पार्लमेंटला दिलेल्या उत्तरांवर ठपका ठेवला. सरकार ३२० विरुद्ध ३१९ अशा एका मताने तरले. त्या अहवालावरून एकाही मंत्र्याने राजीनामा दिला नाही.

बचाव काय होता? नियम बदलला नाही, फक्त सैलपणे लावला! कोणी म्हणेल, संरक्षणाच्या कामात गुप्तता हवीच. हवी, हे मान्य. पण गुपित राखणारा म्हणतो, "हे मी सांगणार नाही." फसवणारा म्हणतो, "सांगण्यासारखे काही घडलेच नाही." या दोन वाक्यांतील अंतर हेच नीतीचे अंतर होय.

तिघांपैकी एकानेही लिहून कळवले असते की, "नियम बदलला आहे, तो पार्लमेंटला सांगा," तर? एवढे करण्यास कॅबिनेटची खुर्ची लागत नव्हती. आपल्यापैकी कोणी कारकून आहे, कोणी तलाठी, कोणी शिपाई. उद्या आपल्यापुढे असा कागद आला, तर तो वाचल्यावाचून सही करू नका. लहान खुर्चीवरून केलेली सहीसुद्धा निरपराध माणसाला तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊ शकते.