खापर नशिबाच्या माथी

तरुण मुलगा मोटरसायकलवरून पडून दगावला की सांत्वनास जमलेली मंडळी हलक्या आवाजात म्हणतात, "त्याची वेळच भरली होती." शोकाकुल घराला ह्या शब्दांचा आधार वाटतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ते खरे आहेत काय?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील शेकडा ४४.५ दुचाकीवर होती. २०१९ साली हे प्रमाण शेकडा ३७ होते. हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचे प्राण गेले. एकूण मृत्यूंपैकी शेकडा सत्तरांहून अधिक अतिवेगाच्या खाती नोंदले आहेत. जेथे कारण इतके उघड दिसते, तेथे नशिबाला पुढे करणे म्हणजे आपले उत्तरदायित्व टाळणे होय.

सारा दोष स्वाराचाच, असेही नव्हे. मोटारीतील माणसाभोवती पत्रा असतो, पट्टा असतो. दुचाकीस्वाराभोवती काहीच नसते. जो खड्डा मोटारीला नुसता हादरा देतो, तो ह्याचा जीव घेऊ शकतो. तेव्हा खड्डा न बुजविणारा आणि अंधारात दिव्याविना ट्रक उभा करणारा, हेही त्या मृत्यूचे वाटेकरी ठरतात. मात्र वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते; आणि वेग तर स्वाराच्याच मुठीत असतो.

"जीव माझा, मर्जी माझी," असे कोणी म्हणेल. वरील ५०,०२९ जणांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. त्यांनी आपला जीव दुसऱ्याच्या हाती सोपविला होता. एकट्याने जाणाराही खऱ्या अर्थाने एकटा नसतो. डोक्याला मार लागून तो अंथरुणाला खिळला, तर पुढची कित्येक वर्षे आई किंवा पत्नी त्याचे सारे करीत राहते. तिची मर्जी कोणी विचारली होती?

म्हणून प्रश्न घरापाशी येतो. बारावी झालेल्या मुलाला आपण कौतुकाने गाडी घेऊन देतो. हेल्मेटच्या वेळी मात्र स्वस्तातले शोधतो, तेही एकच. परवान्याचे वय झालेले नसतानाही किल्ली देतो. २०१९ च्या कायदादुरुस्तीने अशा पालकांना दोषी धरले आहे. वस्तुतः हे काम कायद्याआधी आपल्या सदसद्विवेकबुद्धीने करावयाचे होते. वाचकहो, किल्ली देणारा हात आपला असेल, तर ती नाकारण्याचे धैर्यही आपलेच असावयास हवे.