वसंताची चाहूल आणि कुत्र्याचे पाणी

वसंत म्हटला की पुस्तकातील माणसाला कोकिळा आठवते. बालाघाटच्या डोंगराखाली राबणाऱ्या शेतमजुराला मात्र वसंत निराळ्या खुणांनी कळतो. माघ सरत आला की बांधावरचा पळस पाने टाकून फुलू लागतो. काटेसावरीच्या उघड्या फांद्यांवर लाल फुले येतात. पिंपळाची जुनी पाने झडून तांबूस पालवी फुटते. शाळू काढणीला येतो, हरभऱ्याचे घाटे वाळतात. आणि याच दिवसांत विहिरीचे पाणी खाली जाते. पोहऱ्याच्या दोराला हातभर जोड द्यावा लागतो. वसंताच्या वर्णनात ही खूण सहसा नसते. पण खेड्यात सर्वांत खरी खूण हीच.

ज्या दारात कुत्रा आहे त्या घराला ती आणखी लवकर कळते. पौषात हा प्राणी चुलीच्या राखेत अंग मुडपून झोपतो आणि सकाळी उन्हाचा कवडसा शोधतो. माघाच्या शेवटी तो ऊन सोडतो. दुपारी रांजणाखालची ओली माती उकरून तिला पोट टेकून पडतो. थंडीतले दाट केस झडू लागतात. माणसाप्रमाणे कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो अंगातील उष्णता घालवितो, आणि प्रत्येक धापेबरोबर अंगातील पाणी कमी होते. थंडीत जन्मलेली पिल्लेही याच सुमारास आईच्या दुधावरून सुटून गल्लीत हिंडू लागतात. म्हणजे पाण्याची गरज वाढते नेमकी तेव्हाच ओढा आटतो.

म्हणून हा प्रश्न मला नैतिक वाटतो : दारातल्या कुत्र्यासाठी पाणी ठेवणे हे आपले कर्तव्य आहे काय?

आपल्या वस्तीतील वडीलधारी माणसे यावर एक सवाल टाकतात. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, "ज्या पाण्यावर कुत्र्याला मज्जाव नव्हता, त्या पाण्यावर आम्हाला होता. आता त्याच कुत्र्याचे लाड आम्ही करायचे?" यातील एकही शब्द खोटा नाही. महाडच्या चवदार तळ्यावर पशुपक्ष्यांना कोणी अडवीत नव्हते. अडविले जात होते ते अस्पृश्य मानलेल्या माणसांना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तेथील पाणी घेतले, तेव्हा ऋतू हाच होता. त्या अपमानाची आठवण बुजवून भूतदयेच्या गप्पा मारणे हा ढोंगीपणा होईल.

पण तो नियम कुत्र्याने केला होता काय? नियम माणसाने केला. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाला गावाबाहेर घातले आणि कुत्री व गाढवे हेच त्याचे धन ठरविले. कुत्रा हलका, म्हणून त्याचा सोबतीही हलका! एकाच काठीने दोघांना हाकलले. आता आपल्या हाती ती काठी आली म्हणून ती कुत्र्याच्या पाठीत घालायची, की मोडून टाकायची? अमुक जन्मला म्हणून हीन, हा हिशेब आपण माणसापुरता खोडला आणि प्राण्यांपुरता जपून ठेवला, तर तो पुन्हा माणसावर यायला वेळ लागणार नाही.

कुक्कुर जातकात हाच न्याय सांगितला आहे. वाराणसीच्या राजाच्या रथाचे पावसात भिजलेले चामडी साज राजवाड्यातील पाळीव कुत्र्यांनी रात्री खाल्ले. राजाने मात्र बाहेरची सगळी कुत्री मारण्याचा हुकूम सोडला. स्मशानात राहणारा कुत्र्यांचा पुढारी दरबारात गेला आणि त्याने विचारले, वाड्यातली कुत्री का वगळली? मग ताक आणि दर्भ चारताच वाड्यातल्या कुत्र्यांनी चामड्याचे तुकडे ओकले. दोष करणाऱ्याचा असतो, जातीचा नसतो, हे त्या राजाला एका कुत्र्याकडून शिकावे लागले.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांत फरक केला आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोहोचते. ही मैत्री सौदा नव्हे. शनिवारी काळ्या कुत्र्याला पोळी घालून साडेसाती टळेल असे मानणारा कुत्र्याकडे पाहतच नाही. तो स्वतःच्या ग्रहांकडे पाहतो. सम्राट अशोकाने गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व पशूंसाठी औषधोपचार, वाटेवर विहिरी आणि झाडे यांची नोंद केली. तेथे दोघांची सोय एकाच लेखात आहे.

मैत्री म्हणजे आंधळेपणाही नव्हे. पिसाळलेले कुत्रे चावले तर माणूस मरतो. चावल्याबरोबर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, मंत्र यांवर विसंबू नये. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. ग्रामसभेत ती मागणे हेसुद्धा मैत्रीचेच काम आहे. विष घालणे सोपे असते. पण त्यात निरपराधही मरतात, राजाच्या हुकुमात मरणार होते तसेच.

आता कोणी म्हणेल, माणसांनाच पाणी पुरत नाही. खरे आहे. त्यासाठी आधी भांडले पाहिजे. परंतु भांडी धुण्याआधी वेगळे काढलेले तांब्याभर पाणी कोणाच्या घोटातून जात नाही. बांधावरचा पळस फुललेला दिसला की अडगळीतील फुटक्या माठाचा बूड काढावा, तो सावलीत, उंबऱ्याबाहेर ठेवावा आणि डास होऊ नयेत म्हणून रोज घासून भरावा. हे काम घरातील मुलाकडे द्यावे. तहान कोणाची आहे हे विचारण्याआधी पाणी द्यायचे, हे त्याला लहानपणीच कळेल. आपल्या वाडवडिलांना नेमके उलटे अनुभवावे लागले होते.