उकिडवं

सकाळी फिरायला जाताना एक आई आणि तिचा मुलगा दिसतात. ओळख मान हलवण्यापुरतीच. मुलगा सहा-सात वर्षांचा असेल. गेल्या वर्षी तो थोडं चालला की वाटेतच उकिडवा बसायचा. गुडघे पोटाशी, ओठ जांभळे. दम परतला की उठायचा. मला वाटायचं, कडेवर घे म्हणून हट्ट चाललाय. माणूस किती चटकन निवाडा करतो!

'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' हे नाव मला पुढे कळलं. या जन्मजात दोषात हृदयाच्या पडद्याला छिद्र असतं आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद. उकिडवं बसलं की पायांतल्या रक्तवाहिन्या दबतात, तिकडचा ओघ अडतो आणि थोडं जास्त रक्त फुप्फुसांकडे वळतं. हे या मुलांना कुणीच शिकवत नाही.

अशा मुलांवर इलाज शोधणाऱ्या बाल्टिमोरच्या डॉ. हेलन टॉसिग यांना ऐकू कमी यायचं. बाळाच्या छातीवर बोटं टेकवून त्या हृदय जाणून घेत. या दोषानं निळ्या पडलेल्या काही बाळांची जन्माआधीची एक रक्तवाहिनी उघडी राहते तोवर ती बरी असतात, ती मिटली की खालावतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग तशी वाट आपणच का करू नये? प्रयोगशाळेत हात चालवून ती कृती बसवली व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञानं. वैद्यकीय पदवी त्याच्याकडे नव्हती. 29 नोव्हेंबर 1944 ला डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी जेमतेम चार किलोच्या मुलीवर शस्त्रक्रिया केली, तेव्हा थॉमस त्यांच्या मागे उभा राहून सांगत होता.

ती मुलगी पुढे काही महिनेच जगली. निकालाच्या रकान्यात तिच्यापुढे काय लिहायचं? त्यानंतरच्या वर्षांत किती ओठ गुलाबी झाले, तेही त्याच रकान्यात मांडायचं का?

आता हृदय उघडून छिद्र बुजवतात, वाट रुंद करतात. चांगल्या रुग्णालयांत 100 पैकी 95 हून अधिक मुलं सुखरूप घरी जातात. हृदय मात्र कोरं होऊन मिळत नाही. फुप्फुसाकडची झडप बऱ्याचदा गळत राहते, कधी मोठेपणी बदलावी लागते. तपासणी जन्मभराची. छिद्र बुजतं, काळजी बुजत नाही.

या मुलाची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर झाली. आता तो आईच्या पुढे धावतो. शर्टाच्या गळ्यातून व्रणाचं टोक दिसतं.

आज धावता धावता तो अचानक उकिडवा बसला. आई जागीच थबकली. मीही.

तो प्राजक्ताची फुलं वेचत होता. ओंजळ भरेपर्यंत उठला नाही.