राखण कोणाची, त्याग कोणाचा?

धर्म माणसास काय करावयास सांगतो, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. त्या आज्ञेचा भार प्रत्यक्षात कोणाच्या खांद्यावर पडतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. सृष्टीचे रक्षण आणि समाजातील न्याय ही दोन कर्तव्ये एकाच सूत्रात गुंफण्याचा जो प्रयत्न कॅथलिक धर्मविचारात झाला आहे, त्याकडे या दुसऱ्या प्रश्नाच्या उजेडात पाहावे, असा आमचा विचार आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या नावाचे पत्र जगापुढे ठेवले. धरित्रीची जखम आणि दरिद्री माणसाची जखम या दोहोंचे मूळ एकच असून एकीवर उपचार केल्यावाचून दुसरी बरी होणार नाही, हा त्या पत्राचा गाभा. या विचाराला पूर्वपीठिका आहे. १८९१ साली तेराव्या लिओ पोपांनी कामगारांच्या वेतनाचा व संघटनेचा प्रश्न धर्माच्या कक्षेत आणला. १९६७ मध्ये लिन व्हाइट या इतिहासकाराने असा आरोप केला की, सृष्टीवर सत्ता गाजविण्याची मोकळीक पाश्चात्य माणसास ख्रिस्ती धर्मानेच दिली. आणि त्याच लेखात त्याने असिसीच्या फ्रान्सिसकडे उपाय म्हणून बोट दाखविले. पुढे १९७९ साली दुसऱ्या जॉन पॉल पोपांनी याच संतास पर्यावरणाच्या उपासकांचा आश्रयदाता म्हणून घोषित केले.

आरोपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही; परंतु ते अपुरे आहे. बायबलच्या आरंभी सृष्टीच्या उत्पत्तीच्या दोन कथा आहेत. पहिलीत माणसाला प्राणिमात्रांवर अधिकार मिळतो. दुसरीत त्याला एका बागेत ठेवले जाते, ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. राखण हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. कोकणातील आणि गोव्यातील गावाच्या वेशीवर राखणदार असतो. तो गावाचा धनी नसतो. वर्षाकाठी त्याचा मान त्याला मिळतो, बाकी पीक ज्याचे त्याचे. दुसऱ्या कथेतील माणूस अशा जातीचा आहे, असे मानले तर सारा अर्थच पालटतो.

येथवर सर्व सुसंगत वाटते. परंतु तत्त्व ग्रंथात सुसंगत असणे निराळे आणि जमिनीवर उतरणे निराळे. म्हणून ज्या भूमीत ही दोन कर्तव्ये समोरासमोर उभी राहिली, ती आम्ही येथे निवडतो.

वैनगंगा भंडारा-गोंदियाच्या भातशेतीत येण्यापूर्वी बालाघाट जिल्ह्यातून वाहत येते. १९५६ पर्यंत हा जिल्हा आणि नागपूर एकाच प्रांतात होते. आजही तेथील अनेक घरांत मराठी कानी पडते. जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग अरण्याने व्यापलेला आहे. बैहरच्या बाजूला गोंड आणि बैगा यांची वस्ती आहे. बैगा पूर्वी नांगर धरीत नसत. धरणी ही माता. तिच्या उरावर लोखंडाचा फाळ चालविणे हे पाप, अशी त्यांची श्रद्धा. झाडोरा तोडून जाळावा, राखेत बी टाकावे, काही वर्षांनी ती जागा रानाला परत द्यावी, ही त्यांची बेवर शेती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी वनखात्याने तिला रानाचा नाश ठरवून बंदी घातली, आणि १८९० मध्ये मंडल्याच्या बाजूस ‘बैगा चक’ नावाचा एक तुकडा तेवढा तिच्यासाठी मोकळा ठेवला. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द बैगा’ या ग्रंथात या लोकांचे जीवन विस्ताराने आले आहे. एल्विन मूळचे अँग्लिकन धर्मोपदेशक. वनवासींत राहावयास गेल्यावर काही वर्षांतच त्यांनी चर्चचा निरोप घेतला.

याच अरण्यात मंडला व बालाघाट या दोन जिल्ह्यांवर पसरलेले कान्हा आहे. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पात आले. मध्य भारतातील कठीण जमिनीवर राहणारा बारशिंगा १९७० च्या सुमारास कान्ह्यात अवघा ६६ उरला होता. त्याला उंच गवताची कुरणे हवीत. आणि जेथे कुरण होऊ शकत होते, तेथे गावे, शेते व गुरे होती. गावे उठविण्यात आली, शेतांचे गवताळ माळ झाले, आणि आज तोच बारशिंगा हजाराच्या आसपास आहे. पृथ्वीतलावरून नाहीसा होऊ घातलेला एक जीव वाचला. त्याची किंमत मात्र गोंड आणि बैगा कुटुंबांनी मोजली.

आता त्या सुंदर विधानाचे काय करावयाचे? धरित्रीचे दुःख आणि गरिबाचे दुःख एकच असेल, तर कान्ह्यात एकाच्या शमनाने दुसरे का वाढले?

कोणी म्हणेल, गावे हलविली हाच अन्याय. बारशिंग्याचा प्रश्न गौण आहे. आम्हांस हे उत्तर सोपे, म्हणूनच संशयास्पद वाटते. बारशिंग्याला ग्रामसभा नाही, मत नाही, वकील नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलणे हे न्यायाचे पहिले लक्षण असेल, तर तो मुका जीव आपल्या विचारातून वगळता येणार नाही. याच्या उलट कोणी म्हणेल, मोबदला दिला की प्रश्न मिटला. २००८ पासून व्याघ्रक्षेत्रातून उठणाऱ्या कुटुंबासाठी दहा लाख रुपये ठरले, पुढे ते पंधरा लाख झाले. २००६ च्या वनाधिकार कायद्याने ग्रामसभेची मोकळी व समजून दिलेली संमतीही आवश्यक केली. हा कायदा ही मोठी सुधारणा होय. परंतु ज्या गावाला रस्ता नाही, दवाखाना नाही, ज्याच्या शेतात रानडुकरे शिरली तरी हाक घालता येत नाही, त्या गावाच्या होकाराला आपण कितपत मोकळा होकार म्हणावे? जेथे राहणे असह्य करून ठेवले आहे, तेथून जाण्यास दिलेली संमती ही निवड कमी आणि शरणागती अधिक असते.

आमच्या मते या पेचातून एक गोष्ट निष्पन्न होते. दोन दुःखांची एकता ही आयती मिळालेली वस्तुस्थिती नाही. ती घडवावी लागते. ती घडते की नाही हे एकाच गोष्टीवर ठरते: सृष्टीच्या नावाने जेव्हा काही सोडावयाचे असते, तेव्हा प्रथम कोणाला सोडावयास सांगितले जाते? ज्याच्याजवळ सर्वांत थोडे आहे त्यालाच सांगितले, तर राखण आणि न्याय यांची फारकत झालीच म्हणून समजावे.

या कसोटीवर श्रद्धेने प्रेरित अशी तीन कार्ये तपासून पाहू. पहिले मध्य प्रदेशातीलच. केरळातून आलेल्या सिस्टर राणी मारिया इंदूरजवळच्या उदयनगर भागात भूमिहीन मजुरांत काम करीत होत्या. सावकाराच्या कर्जातून त्यांना सोडविणे, बँकेचा रस्ता दाखविणे, आपले हक्क मागावयास शिकविणे, असे ते काम होते. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धावती बस थांबवून त्यांची हत्या करण्यात आली. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाती राखी बांधली. २०१७ साली इंदूरमध्ये चर्चने राणी मारियांना ‘धन्य’ हे पद दिले. येथे त्यागाचा धनी कोण, हे विचारावे लागत नाही. ज्यांच्यासाठी काम होते त्यांच्याकडून काही मागितले गेले नाही. कामाची किंमत करणाऱ्यानेच मोजली.

परंतु हौतात्म्य हा रोजच्या व्यवहाराचा नियम होऊ शकत नाही. रोजच्या व्यवहारासाठी दुसरे उदाहरण अधिक उपयोगी आहे. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या स्वित्झर्लंडहून आलेल्या जेझुइट धर्मगुरूंनी आपले आयुष्य अवर्षणाशी झुंजण्यात घालविले. भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम त्यांच्या प्रेरणेने उभा राहिला, आणि १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था स्थापिली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करीत यावयाचे. वर समतल चर, मध्ये ओघळीतील दगडी बांध, खाली नाल्यावरचे बांध. धावते पाणी चालते करावयाचे, चालते पाणी मुरवावयाचे. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांनी या मार्गाने आपले शिवार सावरले.

यासाठी गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावयाची आणि मजुरीचा काही भाग श्रमदानाने द्यावयाचा, अशी अट होती. येथेच कान्ह्याचा प्रश्न लहान रूपात पुन्हा उभा राहतो. विहिरीला पाणी वाढले तर लाभ विहीरवाल्याचा. चराईबंदी झाली तर तोटा मात्र ज्याची जमीन नाही पण चार शेळ्या आहेत त्याचा. त्यावर या कार्यक्रमाने नियमातच एक तजवीज केली: भूमिहीनांस आणि एकट्या स्त्रीच्या आधाराने चालणाऱ्या गरीब कुटुंबास श्रमदानातून सूट. शेळीवाल्याचे सारे नुकसान एवढ्याने भरून निघते असे नाही. परंतु त्याग कोणापासून मागावयाचा नाही हे अगोदर ठरवून मग कामास आरंभ करणे, ही नैतिक विचारातील मोठी गोष्ट आहे. ती या साध्या नियमात दिसते.

तिसरे उदाहरण वसईचे. केळीच्या बागा, पानवेली आणि गोड्या विहिरींचा हा प्रदेश मुंबईच्या वाढीखाली चिरडला जाऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे लोकांना जागे केले. ‘सुवर्ता’चे संपादक आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो, २०२४ मध्ये ते निवर्तले. बेकायदा बांधकाम आणि टँकरवाल्यांचा पाणीउपसा यांविरुद्ध बोलणे तेव्हा जिवावरचे होते; ते त्यांनी केले. तरीही आमची कसोटी येथेही लावली पाहिजे. वाडी वाचविणारा वाडीचा मालक असला की राखण आणि स्वार्थ एकाच दिशेने चालतात. हे दोषास्पद नाही, पण ते सोपे आहे. चाळीतून हुसकला जाऊन नालासोपाऱ्यात छप्पर शोधीत आलेला कामगार हाही न्यायाचा वाटेकरी आहे. बिल्डरशी लढताना त्याला शत्रू न मानणे, हा त्या लढ्याचा अवघड भाग होता व आजही आहे.

यावर एक आक्षेप उरतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मिशनऱ्यांच्या सेवेमागे धर्मांतराचा हेतू असतो, ही शंका याच प्रांतात फार जुनी आहे; १९५४ मध्ये नेमलेली नियोगी समिती आणि १९६८ चा मध्य प्रदेशाचा धर्मस्वातंत्र्य कायदा ही तिचीच अपत्ये. कोणाच्या अंतःकरणातील हेतू बाहेरून वाचता येत नाही. मात्र कामाच्या घडणीतून बरेच कळते. सेवा घेणारा सेवकाच्या ऋणात अधिकाधिक गुंतत गेला तर शंकेस जागा आहे. सेवक निघून गेल्यावरही बांध, विहीर, बँकेचे खाते आणि सभेत उभे राहून बोलण्याचे धैर्य त्याच्याजवळ राहिले, तर ती सेवा निर्मळ होती असे मानण्यास हरकत नसावी. मुरलेले पाणी कोणाचा धर्म विचारून विहिरीत उतरत नाही.

आता पुन्हा बालाघाटकडे वळू. ज्या बैहरच्या रानात बैगाच्या कुऱ्हाडीवर बंदी आली, त्याच बाजूला मलाजखंड येथे डोंगर फोडून तांबे काढले जाते. देशातील तांब्याच्या खनिजाचा फार मोठा वाटा तेथून येतो. भरवेलीला मँगेनीजसाठी जमिनीच्या पोटात खोलवर उतरतात. हे तांबे आमच्या-तुमच्या घरांतील तारांतून खेळते, ते मँगेनीज आमच्या पुलांच्या पोलादात जाते. बेवर करणाऱ्यास रानाचा शत्रू म्हणणारे आपण या खाणींचे गिऱ्हाईक आहोत. तांबे नको असे आम्ही म्हणत नाही. परंतु सोडावयाचा क्रम लावावयाचा असेल, तर बैगाच्या शेताचा क्रमांक आपल्या सुखसोयींच्या आधी का लागावा, याचे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे. आणि ते उत्तर बैगाला समोर बसवून देता आले पाहिजे.

श्रद्धावंत असो वा नसो, राखण करणाऱ्याने एवढी शिस्त पाळावी, असे आम्हांस वाटते. ज्याचे काही जाणार आहे त्याला पहिल्याच बैठकीस बोलवावे. कोणापासून काही मागावयाचे नाही, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून काढावे. आणि मागण्याचा आरंभ आपल्या घरापासून करावा. इतके करूनही कधी बारशिंगा आणि गाव यांतून एकाची निवड करण्याचा प्रसंग येईल. तो आला तर निवड करणाऱ्याने ती जड मनाने करावी आणि उठलेल्या गावाचे देणे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या नावे मांडून ठेवावे. कान्ह्याच्या कुरणात बारशिंगा चरताना पाहून आनंद मानणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे, की त्या गवताखाली कोणाचे तरी शेत आहे.